अंतर दाखविणारी दुर्बीण शेतकऱ्यानें घ्यावी काय ?

गेल्या दोन हंगामांपासून निफाड, दिंडोरी व सिन्नर या तालुक्यांतील कित्येक बागाइतदार आम्हांस भेटले म्हणजे ऊंस, कांदा व द्राक्षें यांच्या भावाच्या गोष्टी संपतांच एक प्रश्न हटकून विचारतात. तो असा कीं, समोरची वस्तु किती मीटरांवर आहे हें आंत आंकड्यांनीं दाखविणारी जी दुर्बीण हल्लीं मिळूं लागली आहे, ती घेण्याजोगी आहे काय, आणि घ्यावयाची तर कोणती घ्यावी ? हा प्रश्न आम्हांसच विचारण्याचें कारण इतकेंच कीं, आमची सर्व नोकरी महसूल खात्यांत कारकुनींत गेली. सातबाराचे उतारे, फाळणीचे नकाशे व मोजणीचे कागद यांत आमचे केस पिकले. आणि सेवानिवृत्त झाल्यावर आमच्या पुतण्यानें आणलेली अशी एक दुर्बीण सबंध हंगामभर आमच्या घरांत होती. तिच्या भरंवशावर एके रात्रीं आमच्या हातून जी चूक झाली ती सांगितल्याखेरीज या प्रश्नाचें उत्तर पुरें होत नाहीं. म्हणून तें तोंडीं न देतां येथें लिहून देत आहों.

हें यंत्र मूळ कोणासाठीं झालें

हें यंत्र मूळ शिकाऱ्यांसाठीं झालें, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घ्यावी. बंदुकीची गोळी सरळ रेषेंत जाते असें आपणांस वाटतें. वस्तुतः ती जसजशी दूर जाते तसतशी खालीं बसत जाते, आणि शंभर मीटरांसाठीं साधलेला नेम तीनशें मीटरांवर चुकतो. म्हणून ज्या देशांत परवान्यानें हरिणांची शिकार चालते, तेथील शिकाऱ्यास अंतराचा नेमका आंकडा हवा असतो. पूर्वीं हें काम आरमारांत व तोफखान्यांत लांब नळीच्या दोन टोकांस दोन भिंगें बसवून करीत. बार व स्ट्राउड या दोन ब्रिटिश प्राध्यापकांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काढलेलें असलें यंत्र प्रसिद्धच आहे. पुढें १९६० सालीं लेसर किरण प्रथम निर्माण करण्यांत आला, आणि १९९२ सालीं लायका या जर्मन कंपनीनें लेसर अंतरमापक पोटांत बसविलेली हातदुर्बीण विक्रीस आणली. आतां अनेक देशांचे कारखाने तसल्या दुर्बिणी करितात, आणि त्यांच्या जाहिराती शिकाऱ्यांच्या भाषेंतच लिहिलेल्या असतात.

आपल्याकडे शिकारीचा प्रश्नच उरत नाहीं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या ९ व्या कलमानें अनुसूचींत नमूद केलेल्या वन्य प्राण्यांची शिकार मना केली आहे; बिबट्या व काळवीट हे तर पहिल्या अनुसूचींत आहेत. बिबट्या मनुष्याच्या जिवास धोकादायक झाला तरीही त्याविषयीं लेखी हुकूम देण्याचा अधिकार ११ व्या कलमान्वयें राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाचा आहे, शेतमालकाचा नाहीं. तेव्हां बंदुकीच्या नळीवर बसविण्याची कोणतीही दुर्बीण येथें विचारांत घेण्याचें कारण नाहीं, आणि या लेखांत तिचा विचार केलेलाही नाहीं.

मग शिकार करावयाची नाहीं तर अंतर कशास मोजावें ? शिकाऱ्यास तें जवळ जाण्यासाठीं लागतें, आणि शेतकऱ्यास दूर राहण्यासाठीं लागतें. शेजारच्या अकोले तालुक्यांत (जिल्हा अहिल्यानगर, पूर्वींचा अहमदनगर) विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लावून जें संशोधन २०१३ सालीं प्रसिद्ध केलें, त्यांत जंगल नसलेल्या, दाट वस्तीच्या व बागाइती मुलखांत दर शंभर चौरस किलोमीटरांस सुमारें पांच प्रौढ बिबटे असल्याचें दिसून आलें. गोदावरी, कादवा व दारणा यांच्या कांठचा आपला मुलूख ऊंसाच्या दृष्टीनें याहून फारसा निराळा नाहीं. बिबट्याची मादी ऊंसांत विते; तोडणीच्या वेळीं पिलें सांपडतात; आणि वनखात्याचे लोक तीं पिलें जेथें सांपडलीं तेथेंच पेटींत ठेवून रात्रीं आईनें न्यावीं अशी तजवीज करितात. अशा वेळीं "तिकडे, त्या बाजूला" एवढ्यानें भागत नाहीं. जनावर कोठें दिसलें, माणसें कोठें आहेत, आणि दोहोंच्या मध्यें किती जागा आहे, हें बिनचूक सांगणारा मनुष्य वस्तीवर असावा लागतो.

त्या रात्रीची गोष्ट

मागील पौष महिन्यांतील गोष्ट. आमच्या घराच्या गच्चीवरून पूर्वेस पाहिलें असतां प्रथम खळें, मग विहीर, विहिरीपलीकडे दोन एकर ऊंस, आणि ऊंसाच्या दूरच्या टोकास पाटाचा उंच भराव व त्या भरावावर पंपाची पक्की खोली, अशी मांडणी आहे. तोडणी दुसऱ्या दिवशीं सुरू व्हावयाची होती. कामगारांच्या कोप्या विहिरीच्या अलीकडे खळ्यांत पडल्या होत्या. दोन दिवसांपूर्वींच शेजारच्या वस्तीवरील एक शेळी नाहींशी झाली होती, त्यामुळें सगळ्यांचे कान टवकारलेले होते.

दिवस मावळतांना पुतण्या नवी दुर्बीण घेऊन गच्चीवर गेला. थोड्याच वेळानें त्यानें दबक्या आवाजांत आम्हांस हांक मारली. आम्ही गेलों व दुर्बीण डोळ्यांस लाविली. मातीच्या उंचवट्यावर बिबट्या बसलेला स्वच्छ दिसला. मागें सर्व काळोख. पुतण्यानें कळ दाबली; आंत तांबडा आंकडा उमटला, ६४. आम्हीं दाबली, आम्हांसही ६४ च दिसला. विहीर गच्चीपासून सहा साखळ्यांवर आहे, म्हणजे साठ मीटर. आणि विहिरीच्या कांठीं उपसलेल्या मातीचा ढीगही आहे. तेव्हां बिबट्या विहिरीच्या ढिगावर, म्हणजे कोप्यांच्या अगदीं तोंडाशीं येऊन बसला आहे, असा आमचा दोघांचाही निश्चय झाला.

आम्हीं ताबडतोब मुकादमास बोलाविलें आणि सर्व बायकामुलांस पक्क्या भिंतींच्या जागीं हलवावें असें सांगितलें. आमच्या घरांत त्या दिवशीं पाहुणे होते, ओसरी भरलेली होती. म्हणून पंपाची खोली बरी, असें आम्हींच सुचविलें. विहिरीची बाजू टाळून, उत्तरेच्या बांधानें, अकरा माणसें एका बॅटरीच्या उजेडांत निघालीं. त्यांत पांच मुलें होतीं, आणि एक तर अंगावर पिणारें. कोप्यांपाशीं बांधलेलें कुत्रें पूर्वेकडे तोंड करून सारखें भुंकत होतें. त्याकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं.

पंपाची खोली दहा पावलांवर राहिली तेव्हां पुढच्या बाईच्या बॅटरीच्या उजेडांत भरावावर दोन डोळे चमकले. बिबट्या तेथेंच होता. पहिल्यापासून तेथेंच होता. ती बाई जागच्या जागीं उभी राहिली, तिनें मुलास पोटाशीं धरलें आणि मागच्यांस हातानें थोपविलें. कोणी पळालें नाहीं, कोणी ओरडलें नाहीं. क्षणभरानें त्या जनावरानें भरावाच्या पलीकडे उडी घेतली व तें दिसेनासें झालें. कोणास ओरखडासुद्धां उठला नाहीं. पण तो ईश्वराचा व त्या बाईच्या धीराचा प्रताप, आमच्या शहाणपणाचा नव्हे.

सकाळीं ती बाई खळ्यांत चूल पेटवीत होती. आम्ही कांहीं बोलावयाच्या आंत तीच म्हणाली, "तात्या, आमचं कुत्रं सांजपासून पाटाच्याच अंगाला भुंकत व्हतं. तुमी यंत्रात बघितलं, कुत्र्याकडं कोनी बघितलं न्हाई." आम्हांजवळ उत्तर नव्हतें. ज्या जमिनीची लांबीरुंदी आम्हीं स्वतःच्या हातानें कागदावर उतरविली, तिच्याविषयीं आम्हीं परक्या देशांतून आलेल्या आंकड्यावर विश्वास ठेविला होता.

आंकडा कां चुकला

दिवस वर आल्यावर आम्ही पुन्हां गच्चीवर गेलों. भरावावर पंजाचे ठसे स्पष्ट उमटले होते. विहिरीच्या ढिगावर एकही नव्हता. रात्रीं जेथें उभे होतों तेथेंच उभें राहून भरावावर दुर्बीण रोखली, तों कधीं ६४ व कधीं २६१ असे आंकडे येऊं लागले. हातभर बाजूस सरलों, तेव्हां दर वेळीं २६१ च आला. निरखून पाहतां उलगडा झाला. विहिरीवरील बाभळीच्या शेंड्याची एक बारीक काटकी बरोबर नजरेच्या रेषेंत येत होती. दूरच्या वस्तूवर नजर जुळविलेली असतां जवळची काटकी भिंगांत मुळींच दिसत नाहीं, मग संधिप्रकाशांत तर नांवच नको. परंतु लेसर किरणास ती बरोबर सांपडली होती.

या यंत्राची रीति समजून घेतली म्हणजे ही चूक कोणाचीही होऊं शकते हें पटेल. कळ दाबतांच यंत्र डोळ्यांस न दिसणाऱ्या किरणाचा एक अतिसूक्ष्म ठोका पुढें सोडतें. तो वस्तूवर आपटून परत येतो. आणि जाण्यायेण्यास लागलेल्या वेळावरून यंत्र अंतर काढतें. प्रकाश सेकंदास सुमारें तीन लक्ष किलोमीटर जातो. म्हणजे दीडशें मीटरांवरील वस्तूस शिवून परत यावयास त्यास सेकंदाचा केवळ दहा लाखावा हिस्सा पुरतो. हिशेब अचूक असतो. पण किरण कशास शिवून आला, हें यंत्रास ठाऊक नसतें. काटकी, कुंपणाची तार, ऊंसाचा तुरा, धुकें, ऊंसतोडीची उडालेली धूळ, यांपैकीं जें प्रथम आडवें येईल त्याचें अंतर तें निःशंकपणें सांगून मोकळें होतें. कागदोपत्रीं मोजणी बरोबर आणि गट नंबर मात्र दुसऱ्याचाच, असा हा प्रकार होय.

दुर्बीण म्हणून ती कशी असावी

अंतर दाखविणें हा या यंत्राचा जोडधंदा आहे. दाखविणें हें मुख्य काम. तेंच नीट होत नसेल तर आंकडा काय करावयाचा? म्हणून प्रथम साध्या दुर्बिणीची परीक्षा सांगतों.

प्रत्येक दुर्बिणीवर ८×४२, १०×४२, १०×२५, ७×५० असे दोन आंकडे असतात. पहिला आंकडा वस्तु किती पट जवळ दिसते तें सांगतो. दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरांत सांगतो. गिऱ्हाईक पहिल्या आंकड्यास भुलतो. खरें पाहतां दुसऱ्यास पहिल्यानें भागून जें येतें तें पाहावें. कारण डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा तो व्यास होय. ८×४२ मध्यें तो सवापांच मिलिमीटर येतो, १०×४२ मध्यें चार मिलिमीटरांहून किंचित् अधिक, आणि खिशांत मावणाऱ्या १०×२५ मध्यें अवघा अडीच. दुपारीं अडीचही पुरतात. पण बिबट्या दुपारीं दर्शन देत नाहीं. दिवस मावळतांना व उजाडतांना जिला कांहीं दिसत नाहीं, अशी दुर्बीण आपल्या कामाची नाहीं. उलट ७×५० चें वर्तुळ सात मिलिमीटर भरतें. तरुणाच्या डोळ्याची बाहुली अंधारांत तितकी उघडते, पण पन्नाशी उलटलेल्याची बहुधा पांच मिलिमीटरांच्याच आसपास राहते, आणि वरचा प्रकाश वायां जातो. घरांत वडील माणूस पाहणार असेल तर ८×४२ हें माप सर्वांत सोयीचें, असें आमचें मत आहे. दहापट दुर्बिणींत हाताचा कंपही दहापट होतो आणि दिसणारें क्षेत्रही सामान्यतः आखूड असतें, त्यामुळें हलतें जनावर सांपडण्यास वेळ लागतो.

दुर्बिणीच्या आंत त्रिकोणी लोलक असतात. त्यांची एक मांडणी पोरो नांवाच्या इटालियन गृहस्थानें १८५४ सालीं काढली. तिजवर सुधारणा करून झाइस कंपनीनें १८९४ सालीं हातदुर्बिणी विक्रीस आणल्या. या जातीची दुर्बीण खांदे काढल्यासारखी रुंद दिसते व थोड्या पैशांत चांगलें चित्र देते. दुसरी जात सरळ नळ्यांची. ती सुटसुटीत असते, धूळपाण्यापासून बंदोबस्त तींत सोपा असतो, परंतु चांगली हवी तर पैसे अधिक पडतात. स्वस्तांतली सरळ नळीची घेण्यापेक्षां त्याच किंमतीची रुंद खांद्याची घेणें पुष्कळदां फायद्याचें होतें.

दुकानांत पुढील परीक्षा कराव्या. दिव्याखालीं पुढचें भिंग धरावें. त्यांतील दिव्याचें प्रतिबिंब मंद हिरवट किंवा जांभळट दिसलें तर भिंगावर प्रकाश न गमावणारा लेप दिलेला आहे. पांढरें लख्ख दिसलें तर दिलेला नाहीं. तांबड्या आरशासारखीं चमकणारीं भिंगें केवळ शोभेचीं समजावीं. नंतर दाराबाहेर येऊन दूरच्या विजेच्या खांबाकडे पाहावें. खांब एकच दिसला पाहिजे. दोन दिसले, किंवा पांच मिनिटांत कपाळ दुखूं लागलें, तर दोन नळ्या एका रेषेंत नाहींत. ती दुर्बीण तेथेंच परत करावी. चष्मा लावणाऱ्यानें चष्म्यासह पाहावें. डोळा भिंगापासून पंधरा मिलिमीटर किंवा त्याहून अधिक दूर असतांही पूर्ण वर्तुळ दिसावें. उजव्या डोळ्याकडील भिंग वेगळें फिरतें. दोन डोळ्यांच्या नजरेंत फरक असतो तो त्यानें जुळवून घ्यावयाचा असतो. पुष्कळ लोक हें न करितांच दुर्बिणीस नांवें ठेवतात. आणि दुर्बिणींतून सूर्याकडे कधींही पाहूं नये. मुलांच्या हातीं देतांना हें आधीं बजावावें.

ज्यास घेण्यापूर्वीं निरनिराळ्या दुर्बिणींतून पाहण्याची इच्छा असेल, त्यानें थंडींत एके पहाटे नांदूर-मधमेश्वरास जावें. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील हा बंधारा १९८६ सालीं पक्षी अभयारण्य झाला, आणि २०१९ सालीं रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत त्याची गणना झाली. तेथील मनोऱ्यांवर पक्षी पाहणारांच्या हातांत सर्व तऱ्हेच्या दुर्बिणी असतात. सभ्यपणें विचारलें असतां क्षणभर पाहूं देतात, आणि उजाडतांना कोणत्या दुर्बिणींत बदकाची चोंच अगोदर दिसली, एवढ्यावरून दुकानदारांच्या शंभर गोष्टींचा निकाल लागतो.

अंतरमापकाचीं कलमें

आतां आंकड्याकडे वळूं. जाहिरातींत हजार मीटर किंवा त्याहून मोठा पल्ला छापलेला असतो. तो चकचकीत पाटीसारख्या, किरण चांगला परतविणाऱ्या वस्तूचा असतो. झाडाचा पल्ला त्याहून पुष्कळ कमी व जनावराच्या केसाळ अंगाचा त्याहूनही कमी भरतो. आपणांस तीनशें मीटरांपलीकडे क्वचितच लागतें. तेव्हां पल्ल्यासाठीं अधिक पैसे मोजूं नयेत.

ज्यासाठीं पैसे मोजावे ती गोष्ट निराळी आहे. कांहीं यंत्रांत जवळची वस्तु सोडून दूरची मोजण्याची सोय असते, आणि कळ दाबून धरली असतां यंत्र एकामागून एक आंकडे दाखवीत राहतें. आमच्या यंत्रांत पहिली सोय नव्हती. दुसरी होती, पण आम्हीं तिचा उपयोग केला नाहीं. केला असता तर ६४ च्या मागून २६१ बहुधा दिसला असता. तसेंच आंकडे काळे असतील तर संधिप्रकाशांत वाचतां येत नाहींत. तांबडे असतील तर ते मंद करण्याची सोय हवी, नाहीं तर त्यांच्याच उजेडानें जनावर दिसेनासें होतें. उतारावरील नेमाचा हिशेब करून देणारी यंत्रें महाग असतात. तो हिशेब बंदुकीसाठीं असतो, आपणांस त्याचा उपयोग नाहीं. बॅटरी कोणत्या जातीची लागते व ती नाशिकांत मिळते काय, हें विचारावें. पावसाळ्यांत ती काढून ठेवावी. पावतीवर यंत्राचा क्रमांक लिहून घ्यावा.

याहून एक मधला मार्ग आहे. चांगली साधी ८×४२ दुर्बीण घ्यावी आणि एका डोळ्याचा लहान अंतरमापक वेगळा घ्यावा. दोहोंची मिळून किंमत एकत्र यंत्राहून सामान्यतः बरीच कमी पडते, आणि एक बिघडलें तरी दुसरें चालू राहतें. शिवाय अंतरमापक वस्तीवरील चार घरांत मिळून एक पुरतो.

साखळी आणि चुना

परंतु यंत्र कोणतेंही असो, त्याचा आंकडा ज्याच्याशीं ताडून पाहावा असें आपलें स्वतःचें माप आधीं तयार पाहिजे. या इलाख्यांत जमिनीची पाहणी इंदापूर तालुक्यांत १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनीं सुरू केली, तेव्हांपासून आमच्या खात्याची साखळी तेहतीस फुटांची. तिचे आणे सोळा, आणि एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. तेहतीस फूट म्हणजे अकरा यार्ड, आणि मीटरांत सांगावयाचें तर दहाहून केवळ सहा सेंटिमीटर अधिक. म्हणून मीटरांचा आंकडा आला तर त्यास दहांनीं भागावें, यार्डांचा आला तर अकरांनीं, कीं झाल्या साखळ्या. आमचा ऊंस चार साखळ्या रुंद व वीस साखळ्या लांब. गुणाकार ऐशीं गुंठे, म्हणजे दोन एकर. गच्चीपासून विहीर सहा साखळ्या, ऊंसाच्या वीस मिळून भराव सव्वीस साखळ्या. हा हिशेब त्या रात्रींही आमच्या तोंडपाठ होता. आम्हीं फक्त तो यंत्रापुढें ठेविला नाहीं. ठेविला असता तर 'या उंचवट्यामागें विहिरीचें रहाट दिसत नाहीं तें कां ?' एवढी शंका तरी आली असती.

आतां आम्हीं असें केलें आहे. फितीनें मोजून, घरापासून निघणाऱ्या तिन्ही बांधांवर दर पांच साखळ्यांस एक दगड किंवा खांब धरून त्यावर चुन्याचे पट्टे ओढले आहेत. पांच साखळ्यांस एक पट्टा, दहांस दोन, याप्रमाणें. गच्चीच्या कठड्यावर त्या त्या दिशेस विहीर ६, आंबा ११, भराव २६ असे आंकडे रंगवून ठेविले आहेत. जनावर दिसलें म्हणजे तें कोणत्या पट्ट्याच्या अलीकडे व कोणत्याच्या पलीकडे आहे, एवढेंच पाहावयाचें. याला बॅटरी लागत नाहीं, आणि निरक्षर मनुष्यासही तें वाचतां येतें.

कांहीं दर्यावर्दी दुर्बिणींत आडव्या-उभ्या रेघांची बारीक पट्टी असते. तिची रीतही सोपी आहे. तीवरील एक घर म्हणजे हजार मीटरांवर एक मीटर. जमिनीवर सात मीटर उंच असलेला खांब वीस घरें उंच दिसला, तर सात हजारांस वीसनें भागून साडेतीनशें मीटर. पण ही रीत खांबावर चालवावी, जनावरावर चालवूं नये. बिबट्याची खांद्याशीं उंची साठ धरावी कीं सत्तर सेंटिमीटर, एवढ्या फरकानेंच साडेतीनशेंचे चारशें होतात, आणि बसलेल्या बिबट्याचें तर मापच नाहीं.

पाहिल्यानंतर काय करावें

जनावर दिसलें म्हणजे तीन वेळां मोजावें, आणि दोन निरनिराळ्या जागांवरून मोजावें. तिन्ही आंकडे जुळले व ते आपल्या चुन्याच्या खुणांशीं जुळले, तरच त्यावर विसंबावें. न जुळले तर जनावर कोठें आहे हें आपणांस ठाऊक नाहीं असेंच धरून, कोणासही कोठेंही न हलवितां, आहेत त्या ठिकाणीं एकत्र बसवून उजेड करावा व बोलत राहावें. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर खबर द्यावी, आणि खबरेंत गट नंबर, दिशा, अंतर व वेळ ही चारही कलमें सांगावीं. गांव गोळा करूं नये. दुर्बीण घरांत आहे म्हणून ऊंसांत शिरण्याचें धाडस तर मुळींच करूं नये. ती दुरून पाहण्यासाठींच आहे. शेळी, वासरूं गेलें असेल तर नुकसानीच्या अर्जाची मुदत अल्प असते. त्याच दिवशीं खबर देऊन पंचनामा करून घ्यावा, व जागेचें अंतर खुणेच्या दगडापासून लिहवून घ्यावें, म्हणजे पुढें वाद राहत नाहीं.

तेव्हां वाचकांच्या प्रश्नास आमचें उत्तर असें. प्रथम फीत व चुना घ्यावा. त्यास जवळ जवळ कांहींच पडत नाहीं. नंतर ८×४२ ची साधी, चांगल्या भिंगांची दुर्बीण घ्यावी. अंतरमापक घ्यावयाचा तर शेवटीं, चार घरांनीं मिळून, आणि जवळचें सोडून दूरचें मोजण्याची सोय असलेला घ्यावा. पुतण्याची दुर्बीण आम्हीं टाकून दिलेली नाहीं. ती भिंतीस टांगलेली आहे, आणि दररोज संध्याकाळीं ती प्रथम भरावावर रोखून २६१ येतात कीं नाहीं हें पाहिल्याखेरीज तिचा दुसरा आंकडा आम्ही मानीत नाहीं.

यंदा तीच टोळी पुन्हां आमच्याकडे तोडणीस आली आहे. कोप्या या वेळीं घराच्या ओसरीस लागून घातल्या आहेत. ती बाई पहिल्याच दिवशीं बांधावरून फिरून आली व पट्टे मोजून म्हणाली, "पाटापातुर पाच ठिकानं हाइत, तात्या." बरोबर आहे, पंचवीस साखळ्या व वर एक. कुत्रें याही वेळीं बरोबर आणलें आहे, आणि तें कोणत्या अंगास तोंड करून भुंकतें, हें आम्ही आतां आधीं पाहतों.